बंगलोरला गेलेली मुलगी

माझ्या पदवीचं नाव एका दमात सांगता येत नाही. पर्यावरण, समाजशास्त्र आणि संगणकावरचं आकडेशास्त्र अशा तिन्हींचा मिळून चार वर्षांचा एक अभ्यासक्रम होता, पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठातला. निकाल लागला तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "तीन डिग्र्या एकातच? मंग तं पगारही तिप्पट असन."

तिप्पट तर सोडाच. पहिली नोकरी एका संस्थेत लागली. तिथला प्रकल्प संपला तशी नोकरीही संपली आणि मी अमरावतीला आईकडे परत आले. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होता. मिळेल ते काम धरणं भाग होतं, आणि मिळालं ते आमच्याच विद्यापीठाचं. शिकून बाहेर पडलेली मुलं सध्या काय करतात, किती कमावतात, ते घरबसल्या फोन करून विचारायचं. हाती आलेल्या पैशातला निम्मा पुन्हा कर्जात जायचा. आई म्हणायची, "म्हणजे ज्याईनं तुले शिकवलं, त्यायच्याच पैशानं तू त्यायची फी फेडून राहिली." मी हसायचे. दुसरं काय करणार?

त्या यादीत माझीच एक जुनी मैत्रीण होती. अकोल्याची. पहिल्या वर्षी आम्ही होस्टेलच्या एकाच खोलीत राहिलो. वऱ्हाडातल्या आम्ही दोघीच, म्हणून इतर मुली आमचं बोलणं ऐकून हसल्या की एकमेकींचा आधार असायचा. ती हुशार होती, आणि बोलायच्या आधी दोनदा बारीक खाकरायची. ते ऐकलं की सगळा वर्ग गप्प व्हायचा. शिक्षण संपताच तिला बंगलोरला नोकरी लागली. हळूहळू आमचं बोलणं कमी झालं, मग बंदच झालं.

मी नंबर लावला तर फोन तिच्या वडिलांनी उचलला.

"थे बंगलोरले असते बाई. हा जुना फोन इथंच राह्यला तिचा. तुमाले काय पायजे?"

मी ओळख दिली, काम सांगितलं. नोकरी तीच आहे का, विचारलं. "तीच," ते म्हणाले. पगार विचारला. ते थांबले. त्या थांबण्यात मागे कुणीतरी खाकरलं. दोनदा, बारीक.

"वर्षाले नऊ लाख," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावरही तो आवाज बराच वेळ माझ्या कानात राहिला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तिची माय असन. मायचा गळा लेकीत उतरते." ते पटण्यासारखं होतं. मी नऊ लाख लिहून टाकले.

मे महिन्यात मामाचा फोन आला. मामा अकोल्याला राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. त्याच्या मुलीची बारावी झाली होती आणि तिला मी शिकले तेच शिकायचं होतं, त्याच विद्यापीठात. माझ्याच तोंडून नद्यांच्या, नकाशांच्या गोष्टी ऐकून तिच्या डोक्यात ते बसलं होतं.

"बाई, तू सरळ सांग," मामा म्हणाला. "बारा लाख कर्ज काढाचं, प्लॉट तारण ठेवाचा. पोरगी सुटून आल्यावर कमावन किती? तुयं तं मले माहीत आहे. वाईट नोको मानू."

"मामा, त्यांच्या पुस्तिकेत सरासरी दिलीय ना."

"सरासरी मी सातवीच्या पोट्ट्याइले शिकवतो. एकानं दहा भाकरी खाल्ल्या अन् नऊ जण उपाशी राह्यले, तं सरासरी एकेक भाकर. पोट कोनाचं भरलं? मले एखादं जितं मानूस दाखव, ज्याचं बरं झालं."

मी अकोल्याच्या मैत्रिणीचं सांगितलं. मामा खूष झाला. आपल्याच गावातली मुलगी. तिच्या घरी जाऊन विचारू म्हणाला.

आम्ही तिघं गेलो, मामा, मामेबहीण आणि मी. मामाला दुपारनंतर जनगणनेच्या प्रशिक्षणाला जायचं होतं, म्हणून भर दुपारीच निघालो. मे महिन्यातल्या अकोल्याच्या दुपारी रस्त्यावर माणूस नसतो. दुकानांची शटरं अर्ध्यावर ओढलेली, कुत्री नालीत निजलेली. एखादी मुलगी स्कूटीवरून जायची ती डोळ्यांखेरीज सगळा चेहरा दुपट्ट्यात गुंडाळून. मी आणि मामेबहीणही तशाच होतो.

जुन्या शहरातल्या एका गल्लीत ते घर होतं. समोरच्या घराच्या ओट्यावर ओल्या पोत्याच्या आडोशाला एक बाई मोगऱ्याचे गजरे करत बसली होती. तिचा फुलांचाच धंदा होता. हेच घर का, असं मी तिला विचारलं.

"हेच. कोन तुमी त्यायचे?"

"त्यांची मुलगी माझ्यासोबत शिकायला होती."

तिची सुई थांबली. "होती," ती म्हणाली. "हो बाई, होतीच."

मला काही कळलं नाही. तिनं आवाज खाली आणला. "बंगलोरले आहे म्हनतात. दोन दिवाळ्या झाल्या, आली नाही. दिवाळीले लेक येत नाही का कोनाची? अन् घरात दोघंच म्हातारे. पन दुपारी गल्ली सामसूम झाली का त्या घरातून बाईचा आवाज येते. इंग्रजी बोलते. एकटीच बोलते, कोनी उत्तर देत नाही. मायबापानं लपवलं असन, दुसरं काय. मी अमावास्येले एक गजरा ठेवतो त्यायच्या फाटकावर. पोरगी गुनाची होती. सकाळी पाहा तं गजरा राहत नाही."

मामेबहिणीनं माझा हात धरला. मामा पुढे जाता जाता म्हणाला, "उन्हानं डोकं फिरते मानसाचं. अन् भूत इंग्रजीत कायले बोलन? चला."

काकांनी दार उघडलं. ते दालमिलमध्ये हिशेब लिहायचे, आता निवृत्त होते. बैठकीत अंधार होता, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या. आतल्या खोलीचं दार बंद होतं आणि त्या बंद दारामागे कूलर सुरू होता. बैठकीत मात्र साधा पंखाच. मला जागा मिळाली ती आतल्या खोलीच्या भिंतीला लागून, दिवाणावर. पाठीला भिंत गार लागत होती.

मामानं विषय काढला. काका उत्तरं देत होते, पण प्रत्येक उत्तराआधी थोडं थांबत होते. पगार चांगला आहे. हप्ता वेळेवर जातो. कंपनी चांगली आहे. काकू चहा घेऊन आल्या. आम्ही तिघं आणि ते दोघं, असे पाच कप हवे होते. ट्रेमध्ये सहा होते. काकूंनी पाच वाटले, सहाव्याकडे पाहिलं आणि तो परत घेऊन गेल्या. त्या स्वयंपाकघराकडे न वळता दुसऱ्या बाजूनं आत गेल्या, आणि येताना त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

"काका, ताईशी फोनवर बोलता येईल का?" मामेबहिणीनं विचारलं. "दोनच मिनिटं."

काकांनी काकूंकडे पाहिलं. मग नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला.

"हॅलो," मामेबहीण म्हणाली आणि तिचा चेहरा खुलला. तिनं मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

आधी खाकरणं आलं, दोनदा. मग माझ्या मैत्रिणीचा आवाज. "बोल ना. कोणता विषय आवडतो तुला?"

तो आवाज मला दोनदा ऐकू येत होता. आधी भिंतीतून, पाठीमागून, बुजलेला. आणि लगेच मागोमाग फोनमधून, स्वच्छ. प्रत्येक वाक्य असं दोनदा. मी मामाकडे पाहिलं. तो पंख्याखाली बसला होता, त्याला फक्त फोन ऐकू येत होता. मामेबहिणीलाही तेवढाच.

"बंगलोरला कसं वाटतं, ताई?"

"छान वाटतं गं. आज इथे पाऊस आहे," भिंत म्हणाली. "आज इथे पाऊस आहे," फोन म्हणाला.

बाहेर पत्रे तापून कडकड वाजत होते. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी भिंतीपासून पाठ सोडवली तशा त्या समजल्या. त्यांनी हात जोडले नाहीत, पदराचं टोक दातांत धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मी उरलेला चहा संपवला.

बाहेर पडल्यावर मामा म्हणाला, "पोरगी सुधी वाटली मले. खोटं नाही बोलत. उद्या बँकेत जाऊन येतो."

त्या रात्री मी मामाकडेच राहिले. मामाला सांगावं तर मैत्रिणीचं बिंग फुटणार. न सांगावं तर मामाचा प्लॉट एका भिंतीच्या शब्दावर गहाण पडणार. आणि त्याच्याही पलीकडे एक भीती होती. ती मला स्वतःशीच नीट बोलता येत नव्हती. मी फक्त आवाज ऐकला होता. माणूस पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"काकू, मी एकटीच आहे. तिला सांगा, काल भिंतीला टेकून मीच बसले होते."

त्या आत गेल्या. थोड्या वेळानं आतल्या खोलीची कडी निघाली. आतून. ते ऐकून मला धक्काच बसला, कारण आदल्या रात्रभर मी कल्पना केली होती ती बाहेरून लावलेल्या कडीची.

ती दारात आली. केस मानेपर्यंत, स्वतःच कापलेले, एका बाजूला जास्त. रंग पांढुरका झालेला, दगडाखाली राहिलेल्या गवताला येतो तसा. बैठकीतल्या तेवढ्या उजेडानंही तिचे डोळे बारीक झाले. मी तिचा हात धरला. कूलरपुढे बसून बसून तो थंडगार होता, आणि क्षणभर मला तो सोडावासा वाटला.

"जिवंत आहे मी," ती म्हणाली. "ये, बस."

खोलीत पलंग, टेबल, लॅपटॉप, कानाला लावायचे हेडफोन. खिडकीवर काळा कागद. टेबलाच्या कोपऱ्यात सुकलेला मोगरा.

बंगलोरची नोकरी खरी होती. वर्षभरही झालं नव्हतं तोच तिच्यासकट सगळ्या गटाला काढून टाकलं. दुसरीकडे मुलाखती दिल्या. कुणी म्हणे, संगणकवाली पाहिजे, तू तर पर्यावरणवाली. कुणी म्हणे, पर्यावरणवाली पाहिजे, तू तर संगणकवाली. बंगलोरचं भाडं आणि हप्ता दोन्ही झेपेना, म्हणून ती घरी आली. गाडी पहाटे आली, गल्लीत कुणी उठलेलं नव्हतं. आणि बाबांनी तर सगळीकडे सांगून ठेवलं होतं, दालमिलमध्ये, नातेवाइकांत, स्थळं घेऊन येणाऱ्यांना. ते म्हणाले, दुसरी नोकरी लागेपर्यंत चार दिवस घरातच राह्य, मंग नवीन कंपनीत गेली म्हनून सांगू.

"त्या चार दिवसांचे पुढे हे झाले," ती म्हणाली.

नोकरी लागली नाही, पण काम मिळालं. लोकांचे रेकॉर्ड केलेले आवाज ऐकायचे आणि ते यंत्राला शिकवण्यासाठी पुन्हा स्वतःच्या आवाजात म्हणायचे. वाक्यामागे पैसे. दुपारी गल्ली शांत असते, म्हणून दुपारी. हप्ता निघायचा. भाडं नाही, जेवण आईचं.

"आणि खरं सांगू? हिशेबानं पाहिलं तर इथेच बरं आहे. बंगलोरला पगार मोठा होता आणि हाती काही उरत नव्हतं. इथे कमाई एवढीशी आणि हप्ता कधी चुकला नाही. फक्त मी नसायचं, एवढीच अट."

"बाहेर कधीच नाही गेलीस?"

"गेले ना. उन्हाळ्यात. दुपट्टा गुंडाळला की अकोल्यात कोण कुणाला ओळखतं? मोर्णा नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायचे. एकदा समोरच्या काकूंकडूनच गजरा घेतला. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि पैसे घ्यायलाच विसरल्या. त्यानंतर त्या फाटकावर ठेवायला लागल्या. आई पहाटे आत आणते." ती थोडं थांबली. "मी माळते तो. मेलेल्या मुलीला ठेवलेला असतो, पण वास चांगला असतो."

मला त्या खोलीतून उठून पळावंसं वाटत होतं, आणि तिला सोडून जायचं नव्हतं. मी तिला मामाच्या प्लॉटचं सांगितलं. ती ऐकत राहिली. काल मी काय बोलून बसले, असं तिच्या तोंडावर हळूहळू उमटत गेलं.

"त्यांना पुन्हा आण," ती म्हणाली. "फोनवर नाही. समोर बसून सांगते."

काका दारात येऊन उभे होते. आम्हाला कळलंही नव्हतं.

"चार लोकाइत मी काय तोंड दाखवू?" ते म्हणाले.

"बाबा, चार लोक मला मेलेली समजतात. त्यापेक्षा बेकार काय सांगणार आहात?"

काका उंबऱ्यावरच खाली बसले. मग ते म्हणाले, "मले वाटलं होतं, तुयी इज्जत राखून राह्यलो."

"माहीत आहे मला. म्हणून तर कडी मीच लावत होते."

मग तिनं पायात चपला घातल्या. दुपट्टा हातात घेतला आणि परत खुंटीला टांगला. उघड्या चेहऱ्यानं बैठक ओलांडली, फाटक उघडलं आणि उन्हात उभी राहिली. मी तिच्या मागेच होते. समोरच्या बाईनं वर पाहिलं. तिची टोपली कलंडली आणि फुलं ओट्यावरून खाली आली. मग ती उठून गल्ली ओलांडून आली, अनवाणी, तापलेल्या डांबरावरून. माझ्या मैत्रिणीच्या गालाला हात लावला. मनगट दाबून पाहिलं. आणि खाली वाकून तिची सावली पडली आहे की नाही, तेही पाहिलं.

"गरम आहे," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिच्या थोबाडीत एक हलकी मारली आणि रडायला लागली. "मी तुयासाठी फुलं ठेवत होती ना वं. कावून नेत होती?"

मामा आणि मामेबहीण संध्याकाळी आले. बैठकीत खिडकीची ताटी काढलेली होती. मैत्रिणीनं त्यांना सगळं सांगितलं, काल खोटं बोलले हेही. मामेबहिणीनं विचारलं, "म्हणजे तो कोर्स वाईट आहे का?"

"नाही. मी पुन्हा शिकायचं ठरलं तर तेच शिकेन. पण कर्ज काढून नाही. शिकलेलं चारही बाजूंना उपयोगी पडतं म्हणतात. पडतं, पण उशिरा. हप्ता उशिरा येत नाही."

मामानं खिशातून कागद काढला नाही की आकडेमोड केली नाही. तो शिक्षक असून त्या दिवशी काहीच शिकवलं नाही त्यानं. वाटेत फक्त एवढं म्हणाला, "पोरीच्या उद्याच्या पगाराच्या भरवशावर आज एक रुपया उचलाचा नाही. माह्या पगारातून फिटन तेवढंच." मामेबहीण दोन दिवस रुसून होती. शेवटी तिनं अमरावतीच्या सरकारी कॉलेजात संख्याशास्त्र घेतलं, आता आमच्याकडेच राहते. बाकीचे विषय नंतर बघू म्हणते. तिला अजूनही नद्यांचंच वेड आहे. बरोबर झालं की चुकलं ते मला माहीत नाही, आणि तिनं विचारलं तर मी तसंच सांगते.

मैत्रिणीला एका पाणलोटाच्या कामात बाळापूरकडे जागा मिळाली आहे. गावोगाव फिरून विहिरींची पातळी मोजायची. पगार थोडा आहे, पण उन्हात असते. रंग परत आला आहे. गल्लीतली पोरं अजून तिच्याशी जरा लांबूनच बोलतात.

हिवाळ्यात ती दोन दिवस आमच्याकडे अमरावतीला आली होती. दुसऱ्या दिवशी मी कामानं बाहेर होते, मामेबहीण कॉलेजात. परत आले तर दाराला कुलूप. थोड्या वेळानं आई बाजारातून आली, हातात संत्र्यांची पिशवी. कुलूप उघडलं तर मैत्रीण आत, बैठकीत, खुर्चीवर बसलेली. हात मांडीवर, दिवा न लावता. ती इतकी हळू वावरायची की घरात आहे हेच आई विसरली होती आणि कुलूप लावून निघून गेली होती.

आईच्या हातातली पिशवी खाली पडली. "अवं, फोन कराचा ना मले! हाक माराची, दार वाजवाचं! शेजारी आहेत."

"काही नाही काकू," ती म्हणाली. "मला सवय आहे."

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन घरातले सगळे दिवे लावले, एकूण एक, न्हाणीतलासुद्धा. आणि आली ती थेट तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि संत्रं सोलायला घेतलं.

"सवय मोडाची," आई म्हणाली. "आता मी सैपाकघरात जातो. दर थोड्या वेळानं मले हाक मारत जाय. कामाची नसली तरी मार."

आई गेली. थोडा वेळ काही आलं नाही. मग अगदी बारीक आवाजात, "काकू."

"हो," आई आतून म्हणाली. "आणखी जोरात."